ब्रेक नसलेलं विमान: उभयचर कॅरॅव्हॅनच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

घरच्या सिम्युलेटरसाठी लिव्हरची फळी कापून झाली, त्यामुळे आता माघार नाही.

विमान सेस्ना २०८ कॅरॅव्हॅन. फ्लोटवालं, म्हणजे खाली होडीसारखे दोन तरंगते पाय असलेलं, आणि त्या फ्लोटमध्ये चाकंही असलेलं, म्हणजे पाण्यावर उतरतं तसंच डांबरी धावपट्टीवरही. नाकात प्रॅट अँड व्हिटनीचं पीटी६ए-११४ए टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने प्रॉपेलर फिरवणारं इंजिन, ६७५ अश्वशक्तीचं. घरच्या सिम्युलेटरवर मी आजवर पिस्टन इंजिनाची छोटी विमानं उडवली, मधूनअधून जेटही. टर्बोप्रॉप नीट शिकायचं राहून गेलं होतं आणि पाण्यावर तर कधी गेलोच नव्हतो. दोन्ही एकदम अंगावर घेणं शहाणपणाचं नाही हे कळतंय, पण हात शिवशिवतायत.

ध्येय लिहूनच ठेवतो, नाहीतर पुढे सोयीने बदलेन. धावपट्टीवरून निघायचं, पाण्यावर उतरायचं, धक्क्याला लागून इंजिन बंद करायचं, पुन्हा चालू करून पाण्यावरून उठायचं आणि परत धावपट्टीवर यायचं. हे सलग तीनदा, कुठेही न आपटता.

जॉयस्टिकवरचा एकुलता एक थ्रॉटल याला पुरणार नाही. कॅरॅव्हॅनमध्ये कामाचे लिव्हर तीन: पॉवर, प्रॉपेलर आणि फ्युएल कंडिशन (इंधन सोडणारा आणि बंद करणारा). चौथा आणीबाणीचा असतो, तो मी बनवत नाही. शिवाय चाकांचा वेगळा लिव्हर, दिव्यांसकट. तो शेवटी करू, त्यात काय एवढं. (हे वाक्य पुढे मला चांगलंच भोवलं, म्हणून खोडत नाही.)

११ जानेवारी

दहा किलोओहमचे तीन पॉट (फिरवला की रोध बदलणारे भाग, त्यावरून लिव्हरची जागा कळते), एक आर्डुइनो लिओनार्डो नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि बाकी सगळं लाकूड. लिओनार्डो निवडायचं कारण एकच: यूएसबीला जोडला की तो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसू शकतो, मधे वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

पहिली चूक लगेच सापडली. पॉट जवळजवळ ३०० अंश फिरतो आणि माझा लिव्हर फिरतो ६० अंश. बोर्ड ० ते १०२३ आकडे मोजू शकतो, पण माझ्या वाट्याला त्यातले दोनशेच येत होते. लिव्हर केसभर हलवला की टॉर्कचा, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या जोराचा, काटा उडी मारायचा. जुन्या प्रिंटरमधली दोन दातेरी चाकं काढून एकास तीन असं जोडलं. आता साधारण सहाशे पायऱ्या मिळतात. आकडा स्थिर राहावा म्हणून सोळा वाचनांची सरासरी घेतो. दातेरी चाकांत किंचित ढिलाई आहे, तेवढं चालतं असं आज तरी म्हणतो.

१२ जानेवारी

इंजिन चालू करण्याचा सराव, कोरड्या जमिनीवर.

पिस्टन इंजिनात किल्ली फिरवली आणि धडधडलं की झालं. इथे आधी स्टार्टर लावायचा, गॅस जनरेटरचा (इंजिनाच्या गरम वायू तयार करणाऱ्या भागाचा) वेग, म्हणजे एनजी, १२ टक्क्यांच्या वर जाऊन स्थिरावू द्यायचा आणि मगच फ्युएल कंडिशन लिव्हर लो आयडलवर, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत संथ चालीवर, न्यायचा. इंधन पेटतं, आयटीटीचा, म्हणजे टर्बाइनमधल्या वायूच्या तापमानाचा, काटा सरसर चढतो, मग वळून खाली येतो. सुरुवातीची मर्यादा १,०९० अंश सेल्सियस, तीही फक्त दोन सेकंद. एनजी ५२ टक्क्यांवर आला की लो आयडल मिळाला, स्टार्टर बंद.

मी अर्थातच घाई केली. एनजी आठ टक्के असतानाच इंधन सोडलं. आत हवा पुरेशी नाही, इंधन मात्र पूर्ण, त्यामुळे काटा १,२०० च्या पलीकडे गेला आणि तिथेच टेकून राहिला. खऱ्या विमानात या दोन सेकंदांचं बिल बघून माणूस धंदा बदलेल. सिम्युलेटरमध्ये फक्त धूर निघाला.

एक गोष्ट आज नीट डोक्यात शिरली. पीटी६मध्ये गॅस जनरेटर आणि प्रॉपेलर एकाच दांड्यावर नाहीत. मागच्या भागातून निघालेला गरम वायू पुढच्या स्वतंत्र टर्बाइनवर आपटतो आणि ती टर्बाइन गिअरमधून पंखा फिरवते. दोघांमध्ये नातं आहे ते फक्त वाऱ्याचं. म्हणूनच इंजिन धडधाकट चालू असतानाही पंखा फेदरमध्ये, म्हणजे पाती वाऱ्याला कडेने धरून, संथ फिरत ठेवता येतो. तेव्हा ही नुसती गंमत वाटली. पुढच्या आठवड्यात तीच कामाला आली.

१८ जानेवारी

आज पहिल्यांदा पाण्यात. जागा: अलास्कातलं अँकरेज, लेक हूड. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या पाणविमानतळांत याचं नाव घेतात. आंतरराष्ट्रीय विमानतळ अगदी खेटून, आणि तळ्याच्या बाजूला सुमारे २,२०० फुटांची खडीची धावपट्टी. पाणी, खडी आणि डांबर एका फेरीत. सिम्युलेटरची तारीख जुलै ठेवली, कारण जानेवारीत तिथे बर्फ असतो.

विमान धक्क्याशी उभं. चेकलिस्टप्रमाणे इंजिन चालू केलं, आणि ते निघालं. मी पॉवर लिव्हरला बोटही लावलं नव्हतं. दोन्ही पायांनी ब्रेक दाबले. मग आठवलं की ब्रेक चाकांना असतात आणि चाकं फ्लोटच्या पोटात आहेत. समोर दुसरं उभं विमान. पाण्याचे रडर खाली करायला विसरलो होतो. उजवा फ्लोट त्याच्या शेपटीत घुसला.

पुन्हा. या खेपेला रडर खाली. फ्लोटच्या मागच्या टोकांना ही छोटी पाती असतात, पाण्यात सोडली की संथ वेगातही वळता येतं, आणि उड्डाणाच्या नि उतरण्याच्या वेळी ती वर घ्यावी लागतात. वळलो. पण थांबता येईना. आयडललाही पंखा ढकलत राहतो, विमान पाच-सहा नॉटने पुढेच जातं. दहा मिनिटं मी तळ्यात गोल गोल फिरत होतो, रिक्षा उभी करायला जागा शोधणाऱ्यासारखा.

इथे बीटा. पॉवर लिव्हर आयडलच्या मागे ओढला की आपण इंजिनाची ताकद नाही, सरळ पात्यांचा कोन हलवत असतो. पाती सपाट होत जातात, ढकल कमी कमी होत शून्याशी येते. आणखी मागे नेलं की पाती उलट्या कोनात जातात, इंजिनही जोर धरतं, आणि पंखा हवा पुढे फेकायला लागतो. तो रिव्हर्स. धावपट्टीवर टर्बोप्रॉप उडवणाऱ्याला बीटा म्हणजे उतरल्यावर ब्रेक वाचवायची सोय. पाण्यावर तोच ब्रेक, तोच क्लच आणि वेळ पडली तर तोच मागचा गिअर.

माझ्या जॉयस्टिकवर रिव्हर्स एका बटणाला जोडला होता: दाबलं की पूर्ण, सोडलं की शून्य. त्याने पाण्यावर काय होतं? विमान गचकन मागे जातं, तुषारांनी काच पांढरी होते, सोडलं की पुन्हा पुढे. पंख्याने उडवलेलं पाणी पात्यांच्या कडा झिजवतं म्हणून खरे वैमानिक रिव्हर्स जपून वापरतात. मी तळ्याचं कारंजं केलं.

संध्याकाळी फळीवरच्या पॉवर लिव्हरची लांबी पुन्हा मोजली. मागे जागा आहे. खाच पाडायची.

१९ जानेवारी

इंजिन चालू करताना प्रॉपेलर लिव्हर फेदरवर ठेवला. पंखा आळसावून फिरत राहिला, विमान जागचं हललं नाही. मग धक्क्यापासून नाक मोकळं झालं की लिव्हर पुढे. बारा तारखेची गंमत ती हीच.

२५ जानेवारी

आजची नोंद खाचेची.

पॉवर लिव्हरच्या मार्गात लाकडाची पायरी बसवली. पुढून मागे ओढत आणलं की लिव्हर आयडलला पायरीवर टेकतो. मागे जायचं तर लिव्हर डावीकडे किंचित दाबून पायरी चुकवायची. हाताला कळतं की आता तू दुसऱ्या राज्यात आलास. बोर्डच्या सहाशे पायऱ्यांपैकी २०० वर आयडल. २०० ते ८० बीटा, त्याखाली रिव्हर्स. सिम्युलेटरमध्येही हीच तीन ठिकाणं नोंदवली.

जमिनीवर झकास. मग एक साधं उड्डाण केलं, धावपट्टीवर उतरायला आलो, सुमारे १५० फुटांवर पॉवर आयडलला आणली आणि विमान दगडासारखं खाली पडलं. चाकं तुटली.

तीनदा तेच. चौथ्यांदा बोर्डचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावून उडलो. लिव्हर पायरीवर टेकलेला असताना आकडा २०० असायला हवा. तो १९६, २०१, १९४ असा नाचत होता. दातेरी चाकांची ढिलाई! सिम्युलेटरच्या लेखी मी हवेत असताना बीटात शिरत होतो, म्हणजे पंख्याची पाती सपाट, समोर हवेची भिंत. खऱ्या कॅरॅव्हॅनला हवेत बीटा वर्ज्य का आहे ते पुस्तकातल्या ओळीपेक्षा आज जास्त पटलं.

उपाय सोपा निघाला. आयडल हा बिंदू न ठेवता पट्टा केला: १८० ते २१५ मधला कुठलाही आकडा आला तरी आयडलच. बीटा १८० च्या खाली सुरू. लाकडी पायरीही दोन मिलिमीटर पुढे सरकवली, म्हणजे टेकलेला लिव्हर पट्ट्याच्या मधोमध येतो. त्यानंतर सहा वेळा उतरलो, एकदाही पडलो नाही.

आणखी एक. बीटात गेल्यावर प्रॉपेलर लिव्हर पूर्ण पुढेच हवा. मागे राहिला तर रिव्हर्सची अपेक्षा करू नये.

१ फेब्रुवारी

पाण्यावरून उठायचा दिवस. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे, कमी वेगात उचल वाढवणारे भाग) २० अंश, पाण्याचे रडर वर, स्टिक पोटाशी ओढलेली. इनर्शियल सेपरेटर बायपासवर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेतलं पाणी वळणावर बाहेर फेकलं जातं. पॉवर पुढे, टॉर्क १,८६५ फूट-पौंडांपर्यंत, त्यापुढे नाही. पंखा मिनिटाला १,९०० फेऱ्यांवर.

नाक वर येतं, इतकं की समोर नुसतं आकाश. विमान पाणी ढकलत असतं, नांगरासारखं, आणि वेग वाढता वाढत नाही. इथे मी पहिल्या काही वेळा घाबरून स्टिक पुढे ढकलली आणि नाक धपकन पडलं. धीर धरायचा असतो. नाक वर जाऊन थांबतं, मग एका क्षणी स्वतःहून खाली यायला लागतं. त्या क्षणी स्टिक थोडी सैल सोडायची. विमान फ्लोटच्या पायरीवर चढतं आणि आवाजच बदलतो. खळखळाट जाऊन खडखडाट.

ही पायरी म्हणजे फ्लोटच्या तळाला मधोमध दिलेला खरोखरचा कट. सपाट तळ पाण्याला चिकटतो. कट दिला की मागच्या भागाखाली हवा शिरते आणि पकड सुटते. मग फ्लोटचा थोडासाच भाग पाण्याला लागलेला असतो आणि वेग भराभर चढतो.

पण पायरीवर स्टिकचा कोन चुकला तर विमान डुलायला लागतं. पुढे-मागे, पुढे-मागे, प्रत्येक झोका मोठा. मी झोक्यामागे स्टिक हलवत राहिलो, म्हणजे आगीत तेल. झोका सुरू होताच स्टिक मागे धरून ठेवायची आणि थांबत नसेल तर पॉवर काढून घ्यायची, एवढंच. त्याला मोह आवरावा लागतो. आज दहापैकी सहा उड्डाणं. एकात शेवटी उजवा एलेरॉन (विमान एका बाजूला कलवणारी पंखाची झडप) थोडा देऊन डावा फ्लोट आधी उचलला आणि उजवा लगेच सुटला. ते बघायला कुणी नव्हतं याची खंत आहे.

२ फेब्रुवारी

वाऱ्याचा दिवस. १२ नॉट ठेवला.

विमानाचं बरंचसं अंग गुरुत्वमध्याच्या मागे असतं, त्यामुळे पाण्यात ते वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या छपरावरच्या कोंबड्यासारखं नाक वाऱ्याकडे करतं. वाऱ्याकडे तोंड करून कितीही वेळ छान उभं राहतं. पाठ फिरवायला सांगा, नव्वद अंशांपर्यंत येतं आणि परत वळतं. रडर पूर्ण, पाण्याचे रडर पूर्ण, काही उपयोग नाही. पॉवर दिली तर वळतं, पण नाक वर, वेग जास्त आणि वारा बाहेरच्या पंखाखाली. एकदा तसाच पंख उचलला गेला आणि दुसरा पाण्यात.

मग दुसरा मार्ग: वळायचंच नाही. वाऱ्याकडे तोंड ठेवून, पाण्याचे रडर वर, बीटाने ढकल शून्यावर आणायची आणि वाऱ्याला मागे न्यायला सांगायचं. हवेतला रडर देऊन शेपूट जिकडे करावी तिकडे विमान मागे सरकतं. होडीवाल्यांना हे नवीन नसेल. मला नवीन होतं. चारशे मीटर उलटं जाऊन खडकाशी लागायच्या आत थांबलो. या सगळ्या प्रकल्पात मला आवडलेली गोष्ट कुठली, तर ही. वेग दीड नॉट.

८ फेब्रुवारी

पालथं पडलं.

आज मुलगी शेजारी बसली होती, चेकलिस्ट वाचायला. अकरा वर्षांची आहे आणि एकही ओळ गाळत नाही. खडीच्या धावपट्टीवरून उठलो, आठशे फुटांवर वळलो, समोर तळं. दीड मिनिटाची चक्कर. चाकं उचलायची तर कधी?

"फ्लॅप?"
"तीस."
"प्रॉपेलर?"
"पूर्ण पुढे."
"चाकं?"
"खाली. चार हिरवे."

तिने टिक केली.

पाण्याला टेकणं सुंदर होतं, हे सांगायलाच हवं. अगदी अलगद. मग चाकांनी पाणी धरलं. नाक आत गेलं, शेपूट डोक्यावरून आली, पडदा हिरवट, मग काळा.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "पण बाबा, दिवे तर हिरवे होते."

होते ना. आणि तिथेच मेख आहे. आजवर उडवलेल्या प्रत्येक विमानात "चाकं खाली, दिवे हिरवे" हे उतरण्याआधीचं सुरक्षित उत्तर होतं. हात तिथे आपोआप जातो, तोंड आपोआप बोलतं. उभयचर विमानात ते फक्त एक उत्तर आहे, आणि अर्ध्या वेळा चुकीचं. दोन्ही चुका सारख्याही नाहीत. चाकं वर असताना धावपट्टीवर उतरलात तर फ्लोटचा तळ घासत जातो, ठिणग्या, खर्च, बहुतेक वेळा माणसं चालत बाहेर येतात. चाकं खाली असताना पाण्यावर उतरलात तर विमान उलटतं आणि आतले लोक डोकं खाली, पाण्यात, पट्ट्यांना लटकलेले.

ग्लेन कर्टिसने १९११ मध्येच आपल्या फ्लोटच्या विमानाला उचलता येणारी चाकं लावली आणि त्याचं नाव ठेवलं ट्रायड, कारण पाणी, जमीन, हवा तिन्ही. म्हणजे ही चूक करायची सोय शंभर वर्षांहून जुनी आहे.

चाकांचा लिव्हर "शेवटी करू" म्हणालो होतो. उद्या करतो.

९ फेब्रुवारी

लिव्हर, चार निळे दिवे, चार हिरवे. प्रत्येक फ्लोटला पुढे एक आणि मागे एक चाक, म्हणून चार. निळे म्हणजे वर, पाण्यासाठी. हिरवे म्हणजे खाली, धावपट्टीसाठी. प्रत्येक दिव्याला ३३० ओहमचा रोध. लिव्हरचं टोक चाकासारखं गोल करायचं ठरवलं होतं, ते बटाट्यासारखं झालं.

दिवे लिव्हरच्या जागेवरून लावायचे नाहीत, हे मुद्दाम लिहितो. सिम्युलेटरकडून प्रत्येक चाकाची खरी स्थिती घ्यायची. लिव्हर वर आहे म्हणजे चाक वर गेलं असं होत नाही. फ्लोटची चाकं हायड्रॉलिक पंपावर चालतात आणि सावकाश हलतात. मधल्या काळात दिवे विझलेले राहतात. तो अंधारही एक माहिती आहे.

चेकलिस्टची ओळ बदलली. आता "चाकं?" असा प्रश्न नाही. प्रश्न आहे "कुठे उतरतोय?" आणि उत्तर पूर्ण द्यायचं: "पाण्यावर. चाकं वर. चार निळे."

१५ फेब्रुवारी

खऱ्या उभयचर विमानांत आवाज देणारं यंत्र बसवतात. वेग ठरावीक आकड्याखाली आला की ते सांगतं, चाकं वर आहेत, पाण्यावर उतरण्यासाठी. किंवा चाकं खाली आहेत, धावपट्टीवर उतरण्यासाठी. साध्या प्रकारच्या यंत्राला खाली पाणी आहे की डांबर हे कळत नाही. ते फक्त आहे ते सांगतं. असावं काय, ते खिडकीबाहेर बघून आपण ठरवायचं. मला हे आधी अपुरं वाटलं, आता उलट वाटतं. "सगळं ठीक आहे" असं म्हणणारं यंत्र असतं तर मी बाहेर बघणं सोडलं असतं.

आवाज मुलीचा. चार वेळा रेकॉर्ड केलं, प्रत्येक वेळी तिने "बाबा" घातलंच. राहू दिलं. "चाकं वर आहेत बाबा, पाण्यावर उतरा." "चाकं खाली आहेत बाबा, धावपट्टीवर उतरा."

प्रोग्राम साधा: वेग ९० नॉटच्या खाली गेला की बोल. पहिल्या चाचणीत ती धावपट्टीवर उभं असल्यापासून बोलत होती, उडेपर्यंत थांबली नाही. कारण उघड आहे, उडण्याआधीही वेग ९० च्या खालीच असतो. मग अट घातली: एकदा १०० च्या वर जाऊन आलं असेल तरच, आणि एकदा बटण दाबलं की गप्प.

१६ फेब्रुवारी

सिम्युलेटरची तारीख चुकून आजचीच राहिली. लेक हूड पांढरंशुभ्र गोठलेलं. उतरून बघितलं. दिसायला बर्फ, वागायला पाणी. फ्लोट बर्फात बुडाले आणि लाटा उठल्या. जुलै परत आणला.

२२ फेब्रुवारी

आज कोमो. इटलीतलं हे सरोवर उलट्या वाय आकाराचं आहे, डोंगरांत रुतलेलं, लांबी ४५ किलोमीटरच्या वर. नैऋत्य फाट्याच्या टोकाला कोमो शहर आणि तिथे पाणविमानांचा तळ. सकाळी उत्तरेकडून तिवानो वाहतो, दुपारनंतर दक्षिणेकडून ब्रेवा. माझ्या सिम्युलेटरला असले स्थानिक वारे ठाऊक नाहीत, म्हणून वारा हातानेच शून्य केला. कारण आज हवं होतं आरशासारखं पाणी.

वाटतं, शांत पाणी म्हणजे सोपं. तसं नाही. लाट नाही तर पाण्याचा पृष्ठभाग दिसतच नाही, दिसतात फक्त डोंगर, आणि तेही दोनदा. उंची डोळ्यांनी कळत नाही. पडद्यावर हे इतकं खरं उतरेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या खेपेला मी पाण्यावर आलो समजून नाक उचललं तेव्हा चाळीस फुटांवर होतो. विमान थांबलं, पडलं, आपटलं. दुसऱ्या खेपेला उलट: अजून उंच आहे म्हणता म्हणता पाण्यात घुसलो.

रीत अशी. डोळ्यांवर विश्वास ठेवायचाच नाही. किनाऱ्याला धरून खाली यायचं, म्हणजे झाडं आणि घरं उंचीचा अंदाज देतात. २०० फुटांवर नाक किंचित वर, उतरण्याच्याच स्थितीत, पॉवर इतकीच की मिनिटाला १५० फूट किंवा कमी उतरण राहील. आणि मग काहीही करायचं नाही. पाणी येईल तेव्हा येईल.

गणित केलं. २०० फूट, मिनिटाला १५० फूट, म्हणजे ८० सेकंद. ७० नॉटला तेवढ्यात दीड सागरी मैलाहून जास्त अंतर, जवळजवळ तीन किलोमीटर पाणी. कोमोच्या फाट्यात ते आडवं मिळत नाही, लांबीलाच यावं लागतं.

आठवं लँडिंग. १५० वर काटा, वेग ७०, नाक स्थिर. हात पॉवर लिव्हरवर, पण हलवायचा नाही. साठ सेकंद झाली. सत्तर. समोर आकाश खाली आणि डोंगर उलटे. ८० झाली आणि काहीच झालं नाही, छातीत धडधड. किनाऱ्याची झाडं खिडकीच्या वर सरकलेली. ९१ व्या सेकंदाला खालून एक बारीक फर्र आवाज, कापड फाटल्यासारखा. फ्लोट टेकले होते. टेकल्यावरच पॉवर काढली.

मुलीचा आवाज त्याआधी, खूप आधी येऊन गेला होता. मी उत्तर दिलं होतं. घरात एकटाच होतो.

१ मार्च

धक्का. चौदा प्रयत्न, धड तीन.

सिम्युलेटरमध्ये दोरी फेकायला आणि झेलायला कुणी नसतं. म्हणून माझी व्याख्या: धक्क्यापासून फ्लोट दोन मीटरच्या आत, वेग एका नॉटखाली. मग पार्किंग ब्रेक दाबायचा. माझ्या सिम्युलेटरमध्ये तो पाण्यावरही विमान धरून ठेवतो. फसवणूक आहे, मान्य.

वाऱ्याकडे तोंड करून यायचं, पाण्याचे रडर खाली, बीटाने वेग दोन नॉटवर. साडेतीन टनांच्या आसपासचं धूड लगेच थांबत नाही आणि लगेच वळतही नाही. दोन विमानांच्या लांबीवर प्रॉपेलर फेदरला, मग इंधन बंद. पंखा लगेच थांबत नाही, स्वतंत्र टर्बाइनवर असल्याने सुस्तपणे फिरत राहतो, पण ढकलत नाही. उरलेलं अंतर नुसतं सरकत जायचं.

बहुतेक वेळा मी इंधन उशिरा बंद केलं. दोनदा लवकर, आणि वाऱ्याने तळ्याच्या मधोमध नेऊन सोडलं. मग पुन्हा स्टार्टर: ३० सेकंदांहून जास्त नाही, नंतर ६० सेकंद विश्रांती. मधल्या वेळात हात जोडून बसायचं आणि बघायचं धक्का किती लांब जातोय.

८ मार्च

तीन फेऱ्या. लेक हूड, जुलै, वारा सात नॉट.

पहिली नीट. दुसरीत धक्क्याला किंचित लागलो, पण एका नॉटखाली. मुलगी परीक्षक होती, तिने पास केलं.

तिसरी. डांबरी धावपट्टीवरून उठलो, तळ्यावर वळलो, फ्लॅप, पॉवर कमी. वेग ९० खाली आला. "चाकं खाली आहेत बाबा, धावपट्टीवर उतरा." समोर पाणी. दोन आवाज एकाच वेळी आले, एक स्पीकरमधून आणि एक शेजारून. पॉवर पुढे, फ्लॅप २०, वर. चाकं उचलली, अंधार, मग एक, दोन, तीन, चार निळे. दुसऱ्या चकरेत उतरलो, धक्क्याला लागलो, फेदरमध्ये चालू केलं, पाण्यावरून उठलो, चार हिरवे करून धावपट्टीवर परत.

ही फेरी धरायची की नाही यावर वाद झाला. तिचं म्हणणं, चाकं विसरलात म्हणजे नापास. माझं म्हणणं, ध्येयात "न आपटता" लिहिलंय, "न विसरता" नाही. चार जानेवारीची नोंद काढून दाखवली. ती म्हणाली, मग पुढच्या नोंदीत तसं लिहा.

लिहिलं.

राहिलेली कामं: दातेरी चाकांची ढिलाई काढायला स्प्रिंग. रिव्हर्सच्या शेवटच्या टोकाला पॉट अजून झटका देतो, तो बदलायचा. प्रॉपेलर लिव्हरचा स्क्रू पुन्हा सैल झालाय, उद्या काढून गोंद लावून घट्ट करतो.